नख अडतं का?

मऊताईंना मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ धजत नाही. सगळे मिळून चार दिवस मी त्यांच्या शेजारी एका लोखंडी स्टुलावर बसलो, आणि पुढच्या दीड वर्षात तीनदा उभ्या-उभ्या भेट झाली. त्यांचं घर कुठे होतं मला माहीत नाही. त्यांना चहात साखर लागायची की नाही हेही सांगता येणार नाही, कारण त्यांचा कप नेहमी पॉलिश चाललेल्या गाडीपासून लांब, खिडकीत, गार होत पडलेला असायचा.

लिहिण्याचं म्हणाल तर मी आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले. काट्याला बांधायच्या चिठ्ठीवर चार शब्द आणि खाली सही, एवढंच माझं लिखाण. पण गेल्या महिन्यात त्यांचे दीर बाजारात भेटले. वहिनी गेल्याचं त्यांनीच सांगितलं. मग म्हणाले, "काका, तुम्ही लिहा काहीतरी. त्यांचं काम तुम्ही एकट्यानंच बसून बघितलंत. आम्ही सगळे पाठ करून उभे असायचो." मला नाही म्हणता आलं नाही. मला ते कधीच येत नाही, आणि हे सगळं घडलं तेही त्यामुळेच.

माझी गाडी सव्वीस वर्षांची, डाळिंबी रंगाची. एके सकाळी इमारतीच्या तळघरातून बाहेर काढताना मी ती खांबाला घासली. डावीकडचं मागचं दार आणि त्यामागचा चाकावरचा पत्रा, दोन्हींवर खांबाचा पांढरा रंग हातभर लांब माखला. मुलगी खाली आली, तिनं बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, आज खांब होता. उद्या माणूस असला तर?" तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गॅरेजला गेलो. निदान ती खूण तिच्या डोळ्यांसमोर नको, एवढाच माझा विचार.

गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला काचेची केबिन, मधे इंजिनाची कामं, आणि दुसऱ्या टोकाला गाडी रंगवायची बंद खोली. त्या खोलीला लागून एका गाडीपुरता कोपरा होता. तिथे तिपाईवर एक दिवा, भिंतीवर दोरी, आणि दोरीला चिमट्यांनी लटकवलेली स्पंजची गोल पॅडं. लांबून बघितलं तर कुणीतरी भाकऱ्या वाळत घातल्यासारखं दिसायचं.

केबिनमधून नवे सुपरवायझर आले. सगळे त्यांना साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीला अडकवलेलं काडेपेटीएवढं यंत्र. ते पत्र्याला टेकवलं की रंगाचा थर किती जाड आहे त्याचा आकडा दिसतो. त्यांनी चार ठिकाणी टेकवलं आणि म्हणाले, "काका, थर फार पातळ झालाय. पॉलिश झेपणार नाही. ही दोन्ही पॅनल रंगवावी लागतील. आणि जुना रंग उडालेला, म्हणजे नवा त्याच्याशी जुळणार नाही. तेव्हा ही पूर्ण बाजूच करून टाकू."

मी "बरं" म्हणणार होतो. तेवढ्यात माझ्या कोपराखालून एक हात पुढे आला. पन्नाशी ओलांडलेली, बारीक अंगाची बाई. निळा कोट, त्याची बटणं पत्र्याला घासू नयेत म्हणून आतल्या बाजूनं लावलेली. हाताची नऊ नखं अगदी कापलेली आणि उजव्या अंगठ्याचं तेवढं वाढवलेलं. ते नख त्यांनी थुंकीनं ओलं केलं, पांढऱ्या पट्ट्यावरून आडवं फिरवलं, आणि म्हणाल्या, "नख अडत नाही, म्हणजे ओरखडा खोल नाही. रंगवायचं कशाला?"

"ताई, तुम्ही तुमचं काम बघा," साहेब म्हणाले.

"हेच माझं काम आहे."

"मी यंत्रानं बघितलंय."

"मग यंत्राला सांगा रंगवायला."

रंगाच्या खोलीच्या दारात एक उंच माणूस तोंडावरचा मास्क खाली ओढून उभा होता. तो हसला आणि लगेच खोकला. हेच त्यांचे दीर, गॅरेजचे पेंटर.

साहेबांनी मला बाजूला घेऊन सगळं समजावलं, बहुधा मी गिऱ्हाईक म्हणून नाराज होऊ नये यासाठी. पहिल्या तारखेपासून हा पॉलिशचा कोपरा बंद होणार, तिथे रंगाची दुसरी खोली येणार, आणि ताईंना गाड्या आतून झाडायच्या कामावर घेणार. "कामावरून काढत नाही कुणी त्यांना," ते म्हणाले.

मऊताईंचे कान तिखट होते. "झाडू लावेन की," त्या मागून म्हणाल्या. "पण आधी ही गाडी मला द्या. नाही झाली तर पहिल्या तारखेची वाट बघायला नको, त्याच दिवशी व्हॅक्यूमची नळी हातात घेऊन सीटा झाडायला बसते. झाली तर कोपरा इथेच राहील. झाली की नाही ते हे काका सांगतील."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. "काका, तुम्हाला चालेल?"

मला नाही म्हणता येत नाही हे वर लिहिलंच आहे. "चालेल," मी म्हणालो. घरी जाऊन मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे भांडण त्यांचं, गाडी तुमची, आणि निकालही तुम्हीच द्यायचा. छान."

मऊताई हे नाव स्वभावावरून पडलेलं नव्हतं. स्वभाव काथ्यासारखा होता. कुठलीही गाडी आली, कितीही खराब असली, तरी त्यांचं पहिलं वाक्य एकच: "आधी मऊ." म्हणजे सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात बारीक पॉलिश, आणि तेही तळहाताएवढ्या जागेवर. जमलं तर पुढे, नाही तर एक पायरी वर. इंजिनवाल्यांनी चिडवायला म्हणून त्यांना मऊताई केलं आणि तेच चिकटलं.

त्यांच्या ढकलगाडीवर तीन बाटल्या असत. मूळची लेबलं झाकून त्यांनी वर कागद चिकटवले होते आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: मऊ, बरी, रागीट. रागीट म्हणजे खरखरीत पॉलिश. ते लोकरीच्या पॅडवर घेतात आणि ते रंग अक्षरशः कापतं. मी चार दिवस बसलो, त्यात रागीटचं झाकण एकदाही उघडलं नाही. चौथी एक बाटली खाली, पायापाशी. कुणी विक्रेता नमुना म्हणून देऊन गेलेला. तिच्यावर लिहिलं होतं: पावडर-लाली.

"ही कशाची?" मी विचारलं. धीर करून विचारलेला तो माझा पहिला प्रश्न.

"ओरखड्यात जाऊन बसते. संध्याकाळी गिऱ्हाईक खूश, चार वेळा धुतली की सगळं परत वर. लग्नातल्या फोटोसारखं." मग माझ्याकडे न बघता, "तुम्ही काय करायचात?"

"वजनकाटे नीट करायचो."

"म्हणजे तुम्हाला खोटं चालत नसेल."

"चालतं," मी म्हणालो, "पाव ग्रॅमपर्यंत."

त्या थांबल्या आणि हसल्या. मी कुणाला हसवल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. त्या दिवशी घरी जाताना मी एक वळण चुकलो.

पहिला दिवस नुसता धुण्यात गेला. त्यांनी मला विचारलं, घरी गाडी कशी धुता. मी म्हणालो, बादलीत पाणी घेऊन. "एकाच?" हो म्हटल्यावर त्यांनी मला बोनेटकडे नेलं आणि दिवा तिरका धरला. सव्वीस वर्षांत मी कधी न बघितलेलं कोळ्याचं जाळं तिथे दिसलं, गोल गोल बारीक रेघांचं. "हे खांबानं नाही केलं," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही केलंत. दर रविवारी, मायेनं. एका बादलीत साबण, दुसरीत नुसतं पाणी. गाडीवरून आणलेला स्पंज आधी पाण्यात झटकायचा, मग साबणात. नाही तर तीच वाळू परत गाडीवर."

धुऊन झाल्यावर त्यांनी मातीसारखी एक मऊ वडी घेतली, पत्रा ओला केला, आणि वडी पांढऱ्या पट्ट्यावरून पुढे-मागे सरकवायला लागल्या. जोर नाहीच. खांबाचा रंग हळूहळू वडीला चिकटत गेला. मधेच वडी हातातून निसटून जमिनीवर पडली. त्यांनी ती उचलली आणि थेट कचऱ्यात टाकली.

"पुसून चालली असती," मी म्हणालो.

"जमिनीवर पडलं की ते आपलं नाही. वडी असो, फडकं असो."

त्यानंतर पांढरं सगळं गेल्यावर त्यांनी पुन्हा नख फिरवलं. दाराच्या कडेपाशी त्यांचा हात थांबला. परत फिरवलं, परत थांबला. मी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "काही नाही. तुम्ही उजेडातून बाजूला व्हा." मी झालो. त्या थांबण्याचा अर्थ मला तीन दिवसांनी कळला.

दुसऱ्या दिवशी मशीन लागलं. त्याआधी दाराच्या कडा, मूठ, काचेचं रबर, सगळीकडे कागदी पट्टी चिकटवली. कडेला रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे मशीन अर्धा सेकंद जास्त थांबलं तर पत्रा दिसतो. दर मिनिटाला मशीन थांबवून त्या हाताची मागची बाजू पत्र्याला लावायच्या, आजारी लेकराचा ताप बघावा तशी. जेवणाच्या सुट्टीत पेंटर बाहेर येऊन माझ्या स्टुलापाशी टेकले.

"वहिनी, माझं काम पळवताय तुम्ही," ते म्हणाले.

"तुमचं आयुष्य वाढवतेय, भाऊजी."

ते हसायला गेले आणि खोकला आला, चांगला मिनिटभर. नंतर मला त्यांनी सांगितलं की त्या बंद खोलीत आधी त्यांचा मोठा भाऊ होता. मऊताईंचा नवरा. सतरा वर्षं रंग मारला आणि छाती गेली. शेवटची दोन वर्षं उशीला टेकून बसूनच झोपायचा. तो अंथरुणाला खिळला तेव्हा मऊताई इथे गाड्या धुवायला लागल्या, आणि बघून बघून पॉलिश शिकल्या. "म्हणून त्यांना विनाकारण रंग मारलेला खपत नाही," पेंटर म्हणाले. "माझ्यावर उपकार करतात असं दाखवत नाहीत. पण दार किती मोठं आहे ते आधी माझ्याकडे बघून मोजतात." मऊताई तेव्हा दोरीवरचं पॅड दाबून सुकलंय का बघत होत्या. त्यांनी ऐकलं असेल, पण नवऱ्याबद्दल त्या स्वतः माझ्याशी कधी एक अक्षर बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते झालं. मऊ पॉलिशनं अर्ध्या रेघा गेल्या होत्या, आता बरी लावली होती. पॅड डाळिंबी झालं. पुसायचं पांढरं फडकंही डाळिंबी. साहेब कुठून तरी आले, त्यांनी फडकं बघितलं, आणि सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. मशीन गप्प झालं.

"क्लिअर गेला," साहेब म्हणाले. गाडीच्या रंगावर काचेसारखा जो पारदर्शक थर असतो, तो. "खालचा रंग निघायला लागलाय. मी सांगत होतो, थर पातळ आहे. काका, माफ करा, आता पूर्ण बाजू रंगवण्याशिवाय इलाज नाही."

मी मऊताईंकडे बघितलं. त्या हात पुसत होत्या.

"गाडीच्या कार्डावर लिहा," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून क्लिअर गेला म्हणून. खाली सही करा."

"ताई, सहीची काय गरज?"

"नाही, लिहा ना. उद्या मी सीटा झाडताना कुणी विचारलं तर दाखवायला होईल."

साहेबांनी लिहिलं. सही केली. इंजिनवाले दोघे-तिघे पान्हे हातात तसेच घेऊन जवळ आले होते. मग मऊताईंनी मऊची बाटली साहेबांपुढे धरली.

"रुमाल आहे का खिशात? पांढरा?"

"आहे."

"त्यावर थेंबभर घ्या. आणि तिथे मागे, डिकीच्या झाकणावर घासा. तिथे मी बोटसुद्धा लावलेलं नाही. तुमच्याच हातानं घासा, हळू."

साहेबांनी रुमालाची घडी केली, थेंब घेतला, आणि डिकीवर चार वेळा फिरवला. रुमाल उचलून बघितला. डाळिंबी.

"आता तिथलाही क्लिअर गेला म्हणायचा," मऊताई म्हणाल्या. "तुमच्या हातून. लिहायचं का तेही?"

कुणी हसलं नाही. मला वाटतं सगळ्यांनी मनात हसून घेतलं.

"या गाडीवर क्लिअर कधी नव्हताच, साहेब. ही गाडी बनली तेव्हा अशा साध्या रंगावर वरून दुसरा थर मारत नव्हते. वरपासून पत्र्यापर्यंत नुसता रंग. घासला की रंगच फडक्याला येणार, तो यायलाच हवा. तुमच्या यंत्रानं थर पातळ दाखवला, कारण एक थर यात मुळात नाहीच."

साहेब यंत्राकडे बघत राहिले. मला तेव्हा म्हणायचं होतं की काटा खरा होता, वाचताना चूक झाली, माझ्या कामात हे फार वेळा व्हायचं, त्यात लाज नाही. त्या माणसाला बरं वाटलं असतं. साहेब रुमाल खिशात घालून केबिनकडे गेले. त्यांनीच बंद केलेलं बटण मऊताईंनी चालू केलं.

"आधीच सांगितलं असतं तर?" मी हळूच विचारलं.

"तर त्यांनी ऐकलं असतं?"

यावर मी अजून विचार करतो.

चौथ्या दिवशी दुपारी काम संपलं. पॉलिशमधलं तेल उरलेल्या रेघा लपवतं, म्हणून त्यांनी पाण्यात स्पिरिट घालून सगळं पुसून काढलं, दिवा चारही बाजूंनी फिरवला. दारात मला माझा चेहरा दिसला, आणि तो मला वाटत होता त्यापेक्षा म्हातारा होता. साहेब आले, पेंटर आले. साहेबांनी दोनदा वाकून बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "झाली की ताई. मानलं."

मला वाटलं सुटलो. मला काही बोलावंच लागणार नाही.

"थांबा," मऊताई म्हणाल्या. दाराच्या कडेची कागदी पट्टी त्यांनी अजून काढली नव्हती. ती काढली, आणि साहेबांचा अंगठा धरून तिथे टेकवला. "फिरवा नख."

साहेबांचं नख अडलं. दोन बोटांएवढी एक रेघ होती. उभं राहून बघणाऱ्याला दिसली नसती.

"ही आधी लागली नाही मला," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीइतकाच मोठा. "खांबाचा रंग तिच्यात भरून बसला होता, त्यावरून नख सरळ निघून गेलं. पांढरं काढलं तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं. धुवायच्या आधी नख लावलं, ही माझी चूक. नख अडत नाही असं मी बोलले होते, आणि ते खोटं निघालं."

"वहिनी, कशाला," पेंटर म्हणाले. "ब्रशनं ठिपका देतो मी, कळणारही नाही."

"कळणार नाही म्हणूनच सांगतेय. पण दोन बोटांच्या रेघेसाठी सगळी बाजू रंगवू देणार नाही, हेही सांगते. आता कोपरा ठेवायचा की नळी आणायची, काका बोलतील. ठरलंय तसं."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. चौऱ्याहत्तर वर्षांत माझ्या बोलण्यावर काही अवलंबून असल्याचे प्रसंग फार थोडे. मी दाराशी गेलो, माझं नख त्या रेघेवरून फिरवलं. अडलं.

"पाव ग्रॅम," मी म्हणालो.

साहेबांना काही समजलं नाही. मऊताईंनी मान खाली घातली, ती हसू लपवायला असावी.

"म्हणजे काम झालं," मी म्हणालो. "पास. आणि ती रेघ राहू द्या. ठिपका नको. खांब कुठे आहे ते मला लक्षात राहायला हवं."

एवढं लांब मी एका दमात बोललो आणि मग गाडीची किल्ली शोधायला लागलो, ती माझ्या हातातच होती.

कोपरा राहिला. रंगाची दुसरी खोली शेडच्या मागे पत्रे टाकून केली, पण तिचं दार फार कमी उघडतं असं पेंटर सांगतात. पुढच्या वेळी गेलो तेव्हा साहेबांनी मला गाडीचं नवं कार्ड दाखवलं. थराच्या आकड्याच्या रकान्याशेजारी आणखी एक छापील रकाना होता. त्याला नाव होतं: नख (धुतल्यानंतर). "कंसातलं ताईंनी घालायला लावलं," ते म्हणाले. "मी म्हटलं, नुसतं नख पुरे. ऐकेनात."

शेवटची भेट यंदा, मी गाडी चालवणं सोडलं त्या आठवड्यातली. मुलीनं सांगितलं म्हणून सोडलं नाही. एका सकाळी तळघरात खांबापाशी आलो आणि तो कुठल्या हाताला आहे याचा मला क्षणभर विचार करावा लागला, म्हणून सोडलं. आता मुलगी चालवते. गाडीवर मेण चढवायला तिच्याबरोबर गेलो होतो. मऊताई वाळल्या होत्या, कोटाची बाही दोनदा दुमडलेली. त्यांनी दाराच्या कडेला अंगठा टेकवला, रेघ जागेवर आहे हे बघितलं, आणि तिच्यापुरतं मेण बोटानं लावलं. मला विचारायचं होतं, बऱ्या आहात ना. विचारलं नाही. मुलीनं इंजिन सुरू केलं.

"धुतं कोण आता?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"मीच. तेवढं ठेवलंय माझ्याकडे."

"बादल्या किती?"

"दोन."

"आणि फडकं खाली पडलं तर?"

"ते आपलं नाही."

"या मग," त्या म्हणाल्या.